गोल फिरतंय: प्रथमच ऑनलाइन प्रवेश घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

प्रवेशाचा अर्ज शेवटच्या तारखेआधी भरायला कायद्याने बंदी नाही, पण राहुरी तालुक्यात ती पद्धत अजून पडलेली नाही. निकाल लागतो, पेढे वाटले जातात, गावात सत्कार होतो, शाल-श्रीफळाचा फोटो स्टेटसला जातो, मग मामाच्या गावी लग्न असतं, त्यानंतर कांदा चाळीत भरायचा असतो, आणि मग अर्ज. ही मार्गदर्शिका त्या शेवटच्या संध्याकाळसाठी आहे. पहिल्याच दिवशी अर्ज भरून मोकळ्या होणाऱ्यांना तिचा उपयोग नाही. त्यांनी ती शेजाऱ्यांना द्यावी.

अगोदर थोडा इतिहास. आपण कोणत्या परंपरेत उभे आहोत हे नवशिक्याला माहीत असावं.

2024 पर्यंत राहुरीत अकरावीला जायचं म्हणजे कॉलेजात जायचं. खिडकीवर अर्ज घ्यायचा, गुणपत्रकाची झेरॉक्स टाचायची, क्लार्कला ‘सर’ म्हणायचं आणि यादी लागली की बोर्डापुढच्या गर्दीत टाचा उंचावून नाव शोधायचं. ऑनलाइन प्रवेश हा मुंबईकरांचा त्रास होता, 2009 पासूनचा. पुढे पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती या शहरांनी तो वाटून घेतला. 2025 मध्ये सरकारने त्यात समानता आणली आणि तो अख्ख्या महाराष्ट्राला दिला.

त्या वर्षी दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला, नेहमीपेक्षा बराच लवकर. 19 आणि 20 मे हे दोन दिवस नुसते सरावाला दिले होते. मुलांनी खोटा खोटा अर्ज भरून बघायचा, नंतर ती माहिती पुसली जाणार. 21 मे रोजी सकाळी अकरा वाजता खरी नोंदणी सुरू व्हायची होती. अकरा वाजले आणि संकेतस्थळ उघडलंच नाही. थोडा वेळ, आणखी थोडा वेळ असं करता करता नवी तारीख आली: 26 मे. योगायोग असा, की त्याच 26 मे रोजी मान्सून मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या तारखेपेक्षा 16 दिवस आधी. हवामान खात्याच्या नोंदीतलं ते मुंबईतलं सर्वांत लवकरचं आगमन. थोडक्यात, पाऊस दोन आठवडे आधी आला आणि वेबसाइट पाच दिवस उशिरा. दोघांच्याही अंदाजावर विसंबून पेरणी करू नये.

पुढे मुदत 3 जूनपर्यंत होती, ती 5 जूनपर्यंत वाढली. पहिली गुणवत्ता यादी लागली 28 जूनला.

सर्व्हर डाउन म्हणजे नेमकं काय होतं, हे घरच्या थोरल्या माणसाला समजावून सांगायची वेळ येते. राहुरीत ते सोपं आहे. तालुक्यातलं मुळा धरण 26 टीएमसीचं. भरलं की अकरा दरवाजे थोडे थोडे उचलून पाणी सोडतात, आधी नदीकाठच्या गावांना इशारा देतात. आता समजा पाटबंधारे खात्याने जाहीर केलं, की सगळं पाणी अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता एकाच पाइपातून मिळेल, सगळ्यांनी घागरी घेऊन यावं. 2025 मध्ये राज्यभरातले दहा लाखांहून जास्त विद्यार्थी आणि नऊ हजारांवर कनिष्ठ महाविद्यालयं एका संकेतस्थळावर आणली होती. पाइप फुटला यात नवल नाही. नवल याचं, की इतकी धरणं असलेल्या राज्यात कुणी दरवाजांचा विचार केला नाही.

2019 च्या जूनमध्येही असंच झालं होतं. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक प्रवेशांसाठी ‘सार’ नावाचं नवं पोर्टल आणलं, आणि अडचणी इतक्या आल्या की सीईटी सेलला ते बाजूला ठेवून नोंदणी नव्याने घ्यावी लागली. तेव्हा पोर्टल नवं असेल तर नवशिक्याने आनंदी होऊ नये. शक्य असल्यास जुन्या पोर्टलच्या वर्षी जन्माला यावं.

आता प्रत्यक्ष कृती.

पहिली पायरी: नंबर कुणाचा द्यावा

मुलाच्या हातात मोबाईल चोवीस तास असतो, त्यामुळे त्याचा नंबर देऊ नये. तो फारच सोयीचा पडतो. वडिलांचा द्यावा. वडिलांचा फोन साधा असतो, आणि शेवटच्या संध्याकाळी तो त्यांच्या खिशात बसून उसाला पाणी द्यायला गेलेला असतो. ज्यांना यापुढची पातळी गाठायची आहे त्यांनी चाकणला कंपनीत असलेल्या चुलतभावाचा नंबर द्यावा. कंपनीच्या आत मोबाईल नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. ओटीपी लॉकरमध्ये येतो, तिथेच थोडा वेळ वाट बघतो आणि तिथेच मरतो.

शिफ्ट सुटल्यावर भावाचा फोन लागतो तो असा.

“दादा, ओटीपी सांग.”

“कसला?”

“आरं, अर्जाचा. आला आसंल बघ.”

“चार आलेत. कोणता सांगू?”

“शेवटचा.”

“शेवटचा बँकेचा ए. बँकेचा सांगू का?”

इथे कॅफेवाला, जो आतापर्यंत मान वर न करता टाइप करत होता, जागेवरून ओरडतो, “बँकेचा कुणालाच सांगू नका!” आणि त्या गोंधळात खरा ओटीपी पुन्हा मागवला जातो, म्हणजे आधीचा बाद होतो. पाठवा-पाठवा दाबत राहिलं की येतात पाचही, चालतो फक्त शेवटचा, आणि आपण टाकतो तिसरा. ही एवढी एक गोष्ट कळली तरी निम्मं पोर्टल कळलं. एकदा दाबायचं, हात काढून घ्यायचा आणि संदेश येईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. शनिशिंगणापूर जवळच आहे.

ईमेलचं वेगळं सांगायला नको. तो कॅफेवाला उघडून देतो. पासवर्डही त्यालाच माहीत असतो. प्रवेशाची पहिली फेरी होते, दुसरी होते, आणि एक दिवस तो लग्नाला कोपरगावला जातो. तेव्हा कळतं, की आपलं शिक्षण त्याच्या डोक्यात कुलूपबंद आहे. वहीच्या मागच्या पानावर लॉगिन आणि पासवर्ड लिहून ठेवणारी मुलगी वर्गात चेष्टेचा विषय होते. जूनअखेर सगळा वर्ग तिच्याकडे वही मागायला येतो, तिचा पासवर्ड वापरून काही होत नाही हे ठाऊक असूनही.

दुसरी पायरी: कागद

नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते. प्रवेश जूनमध्ये असतो. गेल्या वर्षी काढलेलं प्रमाणपत्र हिरव्या फाइलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं असतं, आणि ते इतकं कोरं करकरीत दिसतं की त्याच्यावरची तारीख वाचावी असं कुणालाच वाटत नाही. ती तारीख शेवटच्या संध्याकाळीच वाचावी. म्हणजे दुसऱ्या दिवशी तलाठी, सेतू, तहसील, प्रांत असा प्रवास करता येतो. ‘आपले सरकार’वर अर्ज टाकला की दाखला घरबसल्या मिळतो हे खरं आहे. घरी किती दिवस बसायचं हा तपशील वेगळा. निकालानंतरच्या पंधरवड्यात सगळ्या तालुक्याला एकाच वेळी उत्पन्न दाखवायचं असतं.

ज्यांना खरंच शिकायचं आहे त्यांच्यासाठी: परीक्षेचं हॉल तिकीट हातात आलं, की त्याच आठवड्यात दाखल्यांचे अर्ज टाकावेत. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या जात पडताळणीचा अर्ज तर अकरावीतच. ‘पावती चालेल’ असं शासन काही वर्षी म्हणतं, आणि ते किती उशिरा म्हणतं हेही आपण दरवर्षी बघतो.

फोटो आणि स्कॅन. अंथरुणावर कागद ठेवून मोबाईलने फोटो काढावा. चादरीवरचं गुलाबाचं फूल दाखल्याच्या कोपऱ्यात आलं पाहिजे. मग फाइल मोठी भरते. पोर्टलला ती केबीमध्ये हवी, आपल्याकडे एमबीमध्ये आहे. लहान केली की शिक्का पुसट, मोठी ठेवली की नकार. तरीही चढते एकदाची. फाइलची नावं ‘स्कॅन’, ‘स्कॅन नवीन’, ‘स्कॅन नवीन फायनल’ आणि ‘पप्पाने पाठवलेलं’ अशी असल्यामुळे जातीच्या दाखल्याच्या जागी शाळा सोडल्याचा दाखला जातो. पोर्टल काही बोलत नाही. तुम्ही ऊसबिलाची पावती चढवली तरी ते हिरवी खूण करतं. ती खूण फाइल पोहोचल्याची असते, फाइल बरोबर असल्याची नव्हे. बरोबर-चूक पडताळणीत माणूस ठरवतो, आणि तो माणूस चार दिवसांनी बघतो. म्हणून अर्ज भरला म्हणजे झालं असं समजून गावी जाऊ नये. ‘मंजूर’ हा शब्द पडद्यावर दिसेपर्यंत रोज लॉगिन करून पाहावं. त्रुटी काढलेली असते, तिची मुदतही चालू असते, आणि तुम्ही वांबोरीच्या बाजारात असता.

तिसरी पायरी: वेळ

सर्वोत्तम वेळ शेवटच्या दिवशी दुपारी चारनंतर. त्या सुमाराला आभाळ भरून येतं, वळवाचा पाऊस होतो, कुठेतरी फांदी तारेवर पडते आणि लाइट जाते. कॅफेत इन्व्हर्टर असतो. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, राउटर चालतो. समोरच्या टॉवरचं काय चाललंय ते कुणाच्या हातात नसतं.

कॅफे म्हणजे कसा, तर बसस्टँडच्या बाजूला दहा बाय दहाचा गाळा. दारात झेरॉक्स मशिन, आत दोन कॉम्प्युटर. एकाचा माउस चालतो. कीबोर्डवर ए आणि एस ही अक्षरं झिजून गुळगुळीत झालेली, पण कॅफेवाल्याची बोटं त्यांना ओळखतात. भिंतीवर कागद चिकटवलेला: ‘उधारी बंद. ओटीपी तयार ठेवावा.’ बाकड्यावर सात-आठ मुलं, तेवढेच बाप, एक आई, जिने सगळ्यांचे कागद क्रमाने लावून दिले आहेत. पडद्यावर एक निळं वर्तुळ फिरतंय आणि सगळे त्याच्याकडे टीव्हीवर निवडणुकीचा निकाल बघावा तसे बघताहेत.

“भाऊ, झालं का?”

“काका, गोल फिरतंय.”

“मंग?”

“मंग काय, फिरू द्या.”

हा संवाद छोटा वाटतो, पण सर्व्हर अडकल्यावर काय करावं यावरचं सगळं तांत्रिक ज्ञान त्यात आलं आहे. गोल फिरत असताना पान रिफ्रेश केलं तर भरलेली माहिती जाते. परतीचा बाण दाबला तर सेशन संपतं. दुसऱ्या मोबाईलवरून त्याच नावाने लॉगिन केलं तर पहिलं बाहेर फेकलं जाऊ शकतं. तिन्ही गोष्टी करणारी तीन माणसं एका मुलामागे उभी असतात, प्रत्येकाची सूचना वेगळी, आणि प्रत्येकाचा आवाज चढा.

खरी वेळ हवी असेल तर पहाटे पाच ते सात. तेव्हा मुंबई झोपलेली असते, राहुरीत दूध काढायला घर जागं असतं आणि पान उघडतं. मोबाईलच्या डेटावर, साध्या ब्राउझरमध्ये, एकाच खिडकीत. शेतीला लाइट रात्रीची असते म्हणून आपण रात्री पाणी भरतोच की. एक पहाट अर्जासाठी काढायला काय हरकत आहे?

चौथी पायरी: पैसे कापले, पावती नाही

2025 मध्ये अकरावीच्या नोंदणीचं शुल्क 100 रुपये होतं. शंभर रुपये खात्यातून जातात आणि पडद्यावर ‘प्रलंबित’ असं येतं. इथे घराण्याचा स्वभाव कळतो. काहीजण लगेच पुन्हा भरतात, आणि पुन्हा. काहीजण तत्त्वाला धरून बसतात, की एकदा दिलेत, आता एक रुपया देणार नाही. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात यावर नियम केला आहे. यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला केलेलं पेमेंट अडकलं आणि पलीकडून पोहोच आली नाही, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवं, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. तेव्हा व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढावा, पेमेंट स्टेटस पुन्हा तपासावं, अर्धा-पाऊण तास थांबावं. पण मुदतीलाच अर्धा तास उरला असेल तर दुसऱ्यांदा भरून टाकावेत. शंभर रुपयांच्या न्यायासाठी वर्ष घालवू नये.

पाचवी पायरी, म्हणजे पसंतीक्रम, तांत्रिक नाही असं लोकांना वाटतं. सगळ्यात महाग चूक इथेच होते. 2025 च्या अकरावीत एक ते दहा महाविद्यालयं निवडायची होती, आणि पहिल्या क्रमांकाचं मिळालं तर ते घेणं भाग होतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. सर्व्हर मध्येच सुरू झाला म्हणून घाईघाईत वरच्या वर दिसलेलं नाव टिचकीसरशी पहिलं टाकणाऱ्याला हा नियम नंतर कळतो. म्हणून क्रम आधी कागदावर, घरी, मुलाला विचारून. ‘मुलाला विचारून’ हे शब्द छपाईची चूक नाहीत.

बारावीनंतर कृषीकडे जाणाऱ्यांची गंमत तर राहुरीतच बघावी. 1968 मध्ये स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्याच तालुक्यात आहे. नगर-मनमाड रस्त्याने एसटीतून जाताना त्याची कमान दिसते, आजोबांनी तिथून बियाणं आणलेलं असतं, अर्धा तालुका शिवारफेरीला जाऊन आलेला असतो. पण त्या कमानीतून विद्यार्थी म्हणून आत जायचा रस्ता मुंबईच्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून जातो, आणि यादीत राहुरीबरोबर अकोला, परभणी, दापोली ही विद्यापीठंही असतात. कमानीपासून चालत घरी जाणाऱ्या पोराला दापोली लागू शकते. त्याला कुणाची हरकत नाही, गुणवत्ता आहे. फक्त ‘आपल्या ओळखीचे साहेब आहेत विद्यापीठात, सर्व्हर चालू करायला सांगतो’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना चहा द्यावा आणि अर्ज स्वतः भरावा.

सहावी पायरी: मुदतवाढ

ही खरं तर पायरी नव्हे, श्रद्धा आहे. सगळ्यांना खात्री असते की मुदत वाढणार. म्हणून सगळे शेवटच्या दिवशी येतात. म्हणून सर्व्हर बसतो. म्हणून मुदत वाढते. वाढली की खात्री पक्की होते. अमेरिकेतही याहून वेगळं घडलेलं नाही. तिथे शेकडो कॉलेजांसाठी एकच ‘कॉमन ॲप्लिकेशन’ असतं. 2013 मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि अडखळली, तेव्हा अनेक नामांकित विद्यापीठांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीची मुदत पुढे ढकलली. फरक एवढाच, की तिथे मुदतवाढ बातमी होते, इथे ती वेळापत्रकाचा भाग असते.

पण या श्रद्धेत एक मेख आहे. वाढते ती नोंदणीची मुदत, कारण तिथे लाखो मुलं अडकलेली असतात. हरकत नोंदवायची, त्रुटी दुरुस्त करायची, जागा निश्चित करून शुल्क भरायची, या मुदतीत तुम्ही एकटे अडकलेले असता. एकट्यासाठी परिपत्रक निघत नाही. तिथे फक्त पुरावा उपयोगी पडतो: तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक, लॉगिनमधल्या तक्रार खिडकीत नोंदवलेली तक्रार आणि तिचा क्रमांक. ‘साहेब, मी दिवसभर प्रयत्न केला’ हे शंभर टक्के खरं असतं आणि शून्य टक्के चालतं. त्याच दिवशी, मुदत संपायच्या आत, तक्रार लेखी गेली पाहिजे. दुसऱ्या दिवशीची तक्रार म्हणजे कैफियत.

शिक्षण खात्यालाही नवशिक्या म्हणून एक सूचना. 2025 हे तुमचंही सगळ्या राज्याचं पहिलंच वर्ष होतं. सगळ्या महाराष्ट्राला एकच सकाळ आणि एकच संध्याकाळ देऊ नका. विभागवार दिवस वाटा, शेवटची तारीखही विभागवार ठेवा. दहा लाख पालकांना शिस्त लावण्यापेक्षा एक वेळापत्रक बदलणं स्वस्त पडेल. आणि तालुक्याला निदान एक असं केंद्र द्या, जिथे सर्व्हर बसला असताना माणूस उभा असेल, हातात पेन असेल, आणि तो आलेला अर्ज तारीख-वेळ टाकून लिहून घेईल.

अर्ज गेला, ‘यशस्वी’ असं आलं, की पीडीएफ उतरवून घ्या, प्रिंट काढा, प्रिंटवरचं नाव गुणपत्रकाशी अक्षर न अक्षर ताडून बघा, आणि खुर्ची सोडा. सेल्फी बाहेर काढा. मागे अजून सहा मुलं बसली आहेत आणि इन्व्हर्टर टी-टी करायला लागला आहे.